अनुसूचीतली एक ओळ आणि माळावरचा लांडगा

माळावरची_लेक

नमस्कार मंडळी. मी मुलुंडला राहते, माहेर इंदापूर तालुक्यातलं. या जानेवारीत माहेरी गेले होते, तेव्हा मावसभाऊ म्हणाला, "ताई, पहाटे उठशील का? एक दाखवायचंय." साडेपाचला त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून माळावर गेले. ओढ्याच्या अलीकडेच त्यानं गाडी बंद केली आणि नुसती हनुवटी उचलून समोर दाखवलं. मला काहीच दिसेना. वाळल्या कुसळीचा आणि त्याच्या अंगाचा रंग एकच. कान हलला, तेव्हा दिसला. साठ-सत्तर पावलांवर लांडगा उभा होता. लांब पाय, आत गेलेलं पोट, मानेवरचे केस तेवढे दाट. आमच्या सोसायटीतल्या कुत्र्याहून फार मोठा नाही. त्यानं आमच्याकडे बघितलं, जमीन हुंगली आणि दुडक्या चालीनं निघाला. बांधावर चढल्यावर एकदा थांबून मागे वळून पाहिलं आणि पलीकडे उतरला. घरी येऊन चहा झाला, आंघोळ झाली, तरी मी कितीतरी वेळ कुणाशी बोलले नाही.

मुंबईला परतल्यापासून लांडग्याबद्दल मिळेल ते वाचतेय, बरंचसं लोकलमध्ये उभ्यानं. वाचून जे कळलं त्यानं झोप उडाली, म्हणून हा धागा.

युरोपात वन्यजीवांच्या संरक्षणासाठी १९७९ चा बर्न करार आहे. त्याच्या परिशिष्ट दोनमध्ये लांडगा होता, म्हणजे कडक संरक्षण. ३ डिसेंबर २०२४ ला करारातल्या देशांनी मतदान करून त्याला परिशिष्ट तीनमध्ये उतरवलं. ७ मार्च २०२५ पासून ते लागू झालं आणि मे महिन्यात युरोपीय संसदेनं स्वतःच्या १९९२ च्या नियमातही तसाच बदल मंजूर केला. संख्या राखायची जबाबदारी प्रत्येक देशावर अजून आहे, हे खरं. पण कालपर्यंत लांडगा मारणं हा अपवाद होता, आता ते नेहमीच्या कारभारात बसतं. २०२३ मध्ये युरोपीय संघात सुमारे २०,३०० लांडगे होते. मारून मारून जिथून संपवला होता, तिथे हा प्राणी कायद्याच्या आधारानं परत आला, आणि परत आला म्हणूनच कायदा सैल झाला.

आपल्याकडे किती आहेत? अख्ख्या देशात तीन हजारांच्या आसपास. वाघांची २०२२ ची गणना ३,६८२ सांगते. म्हणजे लांडगे वाघांहूनही कमी, आणि खास त्यांच्यासाठी राखलेली अभयारण्यं बोटावर मोजण्याइतकीसुद्धा नाहीत. झारखंडमधलं महुआडांड १९७६ चं, आणि अलीकडे कर्नाटकात कोप्पळ जिल्ह्यात झालेलं बंकापूर.

मला विचारायचंय ते हे: युरोपात झालं तसं आपल्या कायद्यात होऊ शकतं का? आणि मुंबईत बसून आपल्याला काय करता येईल? जाणकारांनी सविस्तर लिहा.

खाडीकाठ

वाचनखूण साठवली. एक शंका. आमच्या ऐरोलीला खाडीच्या बाजूला संध्याकाळी जो कुत्र्यासारखा प्राणी दिसतो, ज्याचे व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर 'लांडगा आला' म्हणून फिरतात, तोच का हा?

रानवाटा_बोरिवली

नाही हो, तो कोल्हा. सोनेरी कोल्हा ठाणे खाडीच्या खारफुटीत, खारघरला, चारकोपला राहतो. लांडग्याहून लहान, पाय आखूड, शेपूट झुपकेदार. मुंबईत लांडगा नाही. त्याला खारफुटी नको, दाट जंगलही नको, त्याला मोकळा माळ लागतो. कृपा करून ग्रुपवर दुरुस्ती टाका. 'लांडगा' म्हटलं की लोक काठ्या घेऊन निघतात आणि मार कोल्ह्याला बसतो.

ठाण्याची_वकील

ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, होऊ शकतं.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. लांडगा अनुसूची एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. त्याची शिकार केली तर ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. माणसाच्या जिवाला धोका झाला असेल किंवा प्राणी बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल, तरच कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देऊ शकतात. तीही आधी पकडता येतो का, बेशुद्ध करून हलवता येतो का, हे बघून. इथपर्यंत कायदा भक्कम आहे.

आता कलम ६१ आणि ६२ एकापाठोपाठ वाचा. ६१ प्रमाणे केंद्र सरकार अधिसूचना काढून अनुसूचीतल्या नोंदी बदलू शकतं, त्यासाठी संसदेत नवा कायदा करावा लागत नाही. ६२ प्रमाणे अनुसूची दोनमधला प्राणी ठरावीक भागात, ठरावीक काळासाठी 'उपद्रवी' जाहीर करता येतो, आणि त्या काळात त्याला मारणं गुन्हा राहत नाही. २०१५-१६ मध्ये बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर, हिमाचलात माकड असं झालेलं आहे. अनुसूची एकमधल्या प्राण्याला ६२ लागू होत नाही. म्हणजे लांडगा आणि बंदूक यांच्यामध्ये एका यादीतली एक ओळ उभी आहे. ती ओळ खालच्या यादीत गेली की पुढचं दार आपोआप उघडतं. युरोपात परिशिष्ट दोनमधून तीनमध्ये जे झालं, त्याचाच हा आपला अवतार.

हे मी उगाच घाबरवायला लिहीत नाही. बिबट्याला एकमधून दोनमध्ये टाका ही मागणी आपल्याच राज्यात जोर धरून आहे. बिबट्याचं नाव घेणारे निदान खूप आहेत. लांडग्याचं नाव घेणारं कोण आहे? त्याची ओळ हलली तर वर्तमानपत्रात चौकटसुद्धा येणार नाही, ही माझी खरी भीती आहे.

रानवाटा_बोरिवली

वकीलताईंना अनुमोदन. ओळ हलली की काय होतं, ते अमेरिकेत तीन दिवसांत दिसलं आहे, म्हणून ते लिहितो.

तिथे १९७३ चा संकटग्रस्त प्रजातींचा कायदा आहे. त्याच्या आधारावर १९९५-९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात सोडले; तिथले मूळचे १९२० च्या दशकातच मारून संपवले होते. २०११ मध्ये संसदेनं खर्चाच्या विधेयकाला एक कलम जोडून माँटाना आणि आयडाहोतल्या लांडग्यांचं संरक्षण काढलं. संख्येचा शास्त्रीय वाद पुरा व्हायच्या आत काम झालं. यलोस्टोनमध्ये सगळे ओळखायचे अशी एक मादी होती, गळ्यात पट्टा, क्रमांक ८३२. डिसेंबर २०१२ मध्ये ती उद्यानाची हद्द ओलांडून बाहेर गेली आणि मारली गेली. कायदेशीररीत्या.

मग जानेवारी २०२१ पासून जवळजवळ सगळ्या देशातलं संरक्षण उठलं. फेब्रुवारीत विस्कॉन्सिन राज्यानं शिकारीचा हंगाम उघडला. एकूण २०० लांडग्यांची मर्यादा होती. त्यातला ८१ चा वाटा ओजिब्वे या मूलनिवासी जमातींचा. त्यांच्या कथांमध्ये लांडगा हा पहिल्या माणसाचा भाऊ, तेव्हा त्यांनी आपला वाटा मारायचा नाही असं ठरवलं. बाकीच्यांसाठी उरले ११९. तीन दिवसही झाले नाहीत तोवर २१८ मेले, बहुतेक शिकारी कुत्रे मागे लावून, आणि तेही विणीच्या काळात. हंगाम घाईघाईनं बंद करावा लागला. म्हणजे ज्यांनी वाचवायला म्हणून आपला वाटा सोडला, त्यांचाही वाटा दुसऱ्यांनी मारून नेला. हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयानं बऱ्याच भागात संरक्षण परत दिलं. ते पुन्हा काढायची विधेयकं तिथे येतच असतात.

गिरगावची_सई

यलोस्टोनमध्ये लांडगे आले आणि नद्यांनी मार्ग बदलला, तो व्हिडिओ पाहिला होता. कित्ती सुंदर! लांडगा हवाच.

रानवाटा_बोरिवली

सईताई, लांडगा हवाच, पण त्या व्हिडिओवर सगळा भार टाकू नका. तिथल्या झाडोऱ्यात फरक पडला तो किती लांडग्यांमुळे, किती अस्वल-बीव्हरांमुळे आणि किती माणसांच्या शिकारीमुळे, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. लांडग्यानं नदी वळवली नाही तरी त्याला जगायचा हक्क आहे, असं माझं मत.

मेंढक्याचा_पोरगा

सगळे प्रतिसाद वाचले. मी कळंबोलीला ट्रान्सपोर्टमध्ये आहे, गाव फलटणकडं. वडील आणि दोन चुलते अजून मेंढरं घेऊन हिंडतात. दिवाळी झाली की घाट उतरून खाली येतात, पावसाच्या आधी परत वर. पनवेल-कर्जतच्या रस्त्याला घोड्यावर बिऱ्हाड, वर बांधलेल्या कोंबड्या आणि चालता न येणारं कोकरू तुम्ही गाडीच्या काचेतून बघितलं असंल. ती आमची माणसं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. बारामतीच्या बाजूला एका शेतात मेंढरं बसवली होती. रात्री अवकाळी पाऊस आला. वाघर म्हणजे आमची सुताची जाळी, मेंढरांभोवती खुट्यांवर ताणतो ती. भिजून जड झाली, एका अंगाला खाली बसली. लांडगं तिथनं आत. कुत्री भुंकत होती, पण पावसात कुणाला काय दिसतंय? बॅटरी लावून पोचेपर्यंत चार मेंढरं मेली होती. तीन गळ्याला धरलेली. आई एका मेंढीचं नरडं दोन्ही हातानं दाबून चिखलात बसली होती, उजाडेपर्यंत. मेंढी गेली. आईनं हात काढले तेव्हा बोटं सरळ होत नव्हती.

नियम मला पाठ झालाय. ४८ तासांत वनखात्याला कळवायचं. मेलेलं जनावर जागेवरनं हलवायचं नाही. पंचनामा व्हायचा. मग बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ठरलेली कमाल रक्कम, कमी असंल ती. कळवलं. उद्या येतो म्हणाले. उद्याचा परवा झाला. त्या शेतात बसायची मुदत संपली होती, पुढच्या शेतकऱ्यानं वाट बघितली असती का? दोनशे मेंढरांना चारायचं काय? वडील तिथं मेलेल्या मेंढरांजवळ एकटे थांबले, वाडा, म्हणजे आमचं फिरतं बिऱ्हाड आणि मेंढरं, पुढं गेला. अर्ज भरला तर गाव कुठलं, घटना कुठली, खातं कुठल्या शाखेत, ह्यावरनं तीन वेळा परत. आजपर्यंत एक रुपया नाही.

आणि तरी माझ्या बापानं लांडग्याला विष घातलं नाही. शेजारच्या वाड्यातल्या एकानं सुचवलं होतं. बाप म्हणाला, "त्येचं बी पोट हाय. मागून खाल्लं आसतं तर दिलं नसतं का?" मला त्यावेळी रागच आला होता.

ताई, तुम्ही लांडगा चार मिनिटं बघितला, माझा बाप त्याच्याशेजारी साठ वर्षं झोपलाय. कायद्यातली ओळ हलू नये हे मलाही पटतं. पण लांडगा जगतोय तो माझ्या बापाच्या मेंढरांवर, हे पण कुणीतरी लिहा.

माळावरची_लेक

दादा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. आईंची बोटं डोळ्यांपुढून जात नाहीत. तुम्ही म्हणता ते मी धाग्याच्या सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. माळावरचं काळवीट कमी झालं, ससे कमी झाले, मग लांडगा खाणार काय? त्याचा हिशेब तुमच्या वाड्यावर पडतो आणि 'लांडगा वाचवा' म्हणणारे आम्ही इथे पंख्याखाली. तो अर्ज परत का आला त्याची कागदपत्रं तुमच्याकडे आहेत का? वकीलताई, तुम्ही बघाल?

ठाण्याची_वकील

जरूर. दादा, मला निरोप धाडा. एक आत्ताच सांगते. कळवल्याचा लेखी पुरावा हवा. फोन केला असेल तर त्याच वेळी जागेचे आणि जनावरांचे फोटो काढून मेसेजनेही पाठवायचे, म्हणजे तारीख-वेळ राहते. पंचनाम्याला उशीर झाला तर तो कुणाकडून झाला, हे त्यातून सिद्ध होतं. फिरत्या वाड्यासाठी ही पद्धत सोपी करा, हे निवेदन मी तयार करून देईन.

विक्रोळीची_आई

थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका. २०२४ च्या पावसाळ्यात उत्तर प्रदेशात बहराइचला लांडग्यांनी लहान मुलं नेली. महसी भागातली ती गावं, रात्रभर पहारे, ड्रोन, सगळं टीव्हीवर पाहिलं. माझं मूल तीन वर्षांचं आहे. त्या आयांना आपण कुठल्या तोंडानं सांगणार की लांडगा वाचवा?

रानवाटा_बोरिवली

राग कसला. त्या आयांना तसं सांगूच नये. माणसांवर आलेला लांडगा पकडावा, पकडता येत नसेल तर मारावा, आणि कायदा त्याला आडवा येत नाही. वर कलम ११ आलंच आहे. माझा विरोध आहे तो एका कळपाच्या गुन्ह्यासाठी देशभरातल्या सगळ्या लांडग्यांना मारायची वाट मोकळी करण्याला. हे आपण एकदा करून बसलोय. इंग्रजी अमलात लांडग्याच्या डोक्यावर बक्षीस होतं. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत दोन लाखांहून जास्त लांडगे मारले गेले, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा अंदाज आहे.

आमच्या बोरिवलीचं बघा. २००२ ते २००४ या काळात राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला बिबट्यानं माणसं मारली. माझ्या ओळखीतलं एक घर त्यात उद्ध्वस्त झालं. तेव्हा पिंजरे लावून बिबटे उचलायचे आणि दुसरीकडचे इथे आणून सोडायचे असा प्रकार चालू होता. तो थांबला, वस्त्यांच्या कडेचा कचरा आणि त्यावर पोसलेली कुत्री यांच्याकडे लक्ष गेलं, अंधारात पोरांना एकटं सोडू नका हे घरोघर सांगितलं गेलं. बिबटे आजही आहेत, आणि आम्हीही आहोत. त्या काळात गोळ्या घालून प्रश्न सुटला असता असं मला वाटत नाही.

मेंढक्याचा_पोरगा

विक्रोळीच्या ताई, तुमची भीती खोटी नाही. पण आमच्याकडचं सांगतो. मी स्वतः पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत उघड्या माळावर घोंगडीत झोपलोय, लांडगं कोकराला आलं तरी आम्हाला कधी शिवलं नाही. पिसाळलेलं असंल तर गोष्ट वेगळी, त्याला सगळेच भितात. रात्री आई आम्हाला मधी घ्यायची आणि कडेला कुत्री, गळ्यात खिळ्यांचा पट्टा घातलेली. एवढी सावधगिरी लागतेच.

जनावरांचा_डॉक्टर

पिसाळण्यावरून आठवलं, म्हणून लिहितो. माझी नोकरी पुणे जिल्ह्यात होती, आता भांडुपला असतो. माळावरच्या लांडग्याचा सध्याचा मोठा शत्रू बंदूक नाही, मोकाट कुत्रा आहे. कोंबड्यांचं टाकाऊ मांस माळावर आणून ओततात, त्यावर कुत्र्यांच्या झुंडी वाढतात. कुत्र्यांकडून लांडग्यांना रेबीज आणि डिस्टेंपर हे रोग लागतात. कळप एकत्र खातो, एकत्र झोपतो, त्यामुळे एक आजारी पडला की सगळे जातात. दुसरं म्हणजे संकर. २०२३ मध्ये पुण्याजवळच्या माळावरच्या पिवळट प्राण्याची जनुकीय तपासणी झाली, तो लांडगा-कुत्र्याचा संकर निघाला. जोडीदार मारला गेला की उरलेला लांडगा कुत्र्याशी जुळतो, याची भीती म्हणूनच आहे.

आणि विष. मेलेल्या मेंढीवर कीटकनाशक ओतून ठेवतात. पाच रुपयांचं काम, पण लांडग्यांबरोबर तरस, कोल्हा, गरुड सगळे मरतात, आणि मेंढक्याचं कुत्रंही. मी असा एक माळ पाहिलाय. ओढ्यापर्यंत पोचायचा प्रयत्न करून वाटेत पडलेली जनावरं होती. त्याहून जास्त इथे लिहवत नाही.

वाड्याच्या कुत्र्यांना लस हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. दादांचे वडील सध्या कर्जतकडे असतील तर मी रविवारी येतो. लस माझ्याकडून.

अवांतर_नाही

एक राहतंय. बंदूक, विष, कुत्रा सगळं थांबलं तरी लांडगा राहणार कुठे? सरकारी कागदावर माळाचं नाव 'पडीक जमीन'. मग तिथे वनीकरण म्हणून गिरिपुष्पाची रोपं लावायची, नाहीतर सौर पॅनेल, नाहीतर 'मुंबईपासून चार तासांवर निसर्गाच्या सान्निध्यात' प्लॉट. त्या प्लॉटच्या जाहिराती आपल्या लोकलच्या डब्यांत लागतात आणि आपणच ते घेतो. ज्याला पडीक म्हणतात तिथे पवन्या, मारवेल ही गवतं आहेत, मेंढरं चरतात, काळवीट चरतं, लांडग्याची पिल्लं बिळात असतात. माझ्या भावानं असा प्लॉट बुक केला होता. हा धागा त्याला वाचायला दिलाय.

माळावरची_लेक

धागा वर काढतेय, दोन आठवड्यांनी.

मागच्या रविवारी डॉक्टरकाका, वकीलताई, मी आणि विक्रोळीची_आई असे चौघं दादांबरोबर कर्जतच्या पुढे वाड्यावर जाऊन आलो. सहा कुत्र्यांना लस दिली. एकानं काकांची बाही फाडली. दादांच्या वडिलांनी वाघर दाखवली: गाठी सगळ्या हाताच्या, जिथून लांडगे शिरले होते तो भाग नव्या पांढऱ्या दोऱ्यानं विणलेला. नव्या वाघरीचा खर्च आम्ही विचारला तर त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "ती मी इनतो. कागदाचं तेवढं बघा." आईंनी चहा दिला. मेंढीच्या दुधाचा, दाट. विक्रोळीच्या ताईंचं मूल कोकराच्या मागे पळून पळून तिथेच घोंगडीवर झोपलं.

वकीलताईंनी निवेदनाचा मसुदा केलाय. फिरत्या वाड्याला जिल्हा बदलला तरी पंचनामा चालावा, फोटो-मेसेज ग्राह्य धरावा, पैसे ठरल्या मुदतीत मिळावेत, आणि लांडगा अनुसूची एकमध्येच राहावा. हे सगळं एकाच कागदावर. दादांच्या वडिलांचा अंगठा सगळ्यात वर आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी निरोप पाठवा, मी मसुदा देते.

मेंढक्याचा_पोरगा

जुना अर्ज ताईंनी दुरुस्त करून दिला, काल परत भरला. ह्यावेळी शिक्क्याची पोच मिळाली. वडील विचारत होते, ते लांडगं बघायला येणारे लोक परत कधी येणार. पाऊस पडायच्या आत घाट चढायचाय, त्याच्या आधी या म्हणाले.

पैशाचं काही कळलं की इथंच लिहितो.